अकरा पानं आणि एक गोल

नेरच्या आमच्या फुटबॉल टीमला किती वेळा हरताना पाहिलं हे मोजणं मी नोकरीत होतो तेव्हाच सोडून दिलं. आता मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, गुडघे कुरकुरतात, आणि टीम अजून हरते. गावात मला तिचा सगळ्यात जुना आणि सच्चा समर्थक म्हणतात. हिवाळ्यातल्या स्पर्धेच्या उद्घाटनाला गेली नऊ वर्षं मला शाल आणि नारळ देत आले. अशा नऊ शाली जमल्या. ज्या गोष्टीसाठी त्या मिळाल्या ती गोष्ट घडलीच नव्हती, आणि जे घडलं त्याचा त्रास बावीस वर्षं दुसऱ्याच माणसानं सोसला. ते आता लिहून ठेवतो.

आमची टीम वाईट खेळते असं नाही. वाईट खेळणाऱ्या टीमचा माणूस नाद तरी सोडतो. आमची टीम पंचावन्न मिनिटं सुरेख खेळते आणि मग काहीतरी करते. एका वर्षी सेमीफायनलला आम्ही एका गोलनं पुढे होतो. हाफटाइमला सेंटर फॉरवर्डला फोन आला की जिनिंगवर त्याच्या कापसाच्या गाडीचा नंबर लागला. तो बूट न काढता मोटरसायकलवर बसून गेला. दुसऱ्या वर्षी पेनल्टी मिळाली, तर कॅप्टननं बॉल असा मारला की तो गोलच्या मागच्या कडुनिंबात अडकला. दुसरा बॉल नव्हता. दोन्ही टीम मिळून दगड मारत बसल्या, बॉल पडेपर्यंत उन्हं कलली, आणि उरलेल्या वेळात आम्ही दोन गोल खाल्ले. घरी आलो की बायको विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "हरलो." ती म्हणायची, "तुमी कुठी खेयत होते?" मी आयुष्यात बॉलला पाय लावलेला नाही, तरी हरायचो मात्र मीच.

याउलट कादंबरी. मी बसस्टँडवर नियंत्रक होतो. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात करायला काही नसतं. खिडकीपाशी कोणी आलं की "यवतमाळ आता लागते, दारव्हा अर्ध्या घंट्यानं" एवढं सांगायचं आणि पुन्हा पान उघडायचं. गावातल्या वाचनालयातली बहुतेक सगळी कादंबऱ्यांची कपाटं मी त्या खिडकीमागे बसून वाचली. एकदा नायिका गाव सोडून निघाली होती, मी तिच्यात इतका गुंतलो की अमरावतीची गाडी लागल्याचं पुकारलंच नाही, आणि अख्खी गाडी भरून लोक यवतमाळच्या गाडीत जाऊन बसले. शिव्या बसल्या, पण पान संपलं.

कादंबरीत माणसं हरतात, मरतात, एकमेकांना फसवतात, आणि तरी पुस्तक मिटताना बरं वाटतं. याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. शेवट काय करायचा याचा कोणीतरी आधी विचार केलेला असतो. आमच्या टीमच्या बाबतीत तसा विचार कोणी केल्याचं कधी दिसलं नाही.

आता मुद्द्याचं. आमच्याकडच्या स्पर्धांमध्ये रेफ्री बाहेरगावचा आणतात, पण दोन लाइन्समन मात्र दोन टीमनी आपापले द्यायचे, अशी पद्धत आहे. तुरीच्या काडीला लाल फडकं बांधलं की झाला झेंडा. लाइन्समन आपल्या टीमच्या बाजूनं थोडा झुकणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. रेफ्रीही त्या हिशेबानंच पाहतो. आमच्या टीमकडून लाइन्समन मी. पळायला येतं, चष्मा नवा आहे, आणि मॅच कधी चुकवत नाही, एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली होती.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही फायनलला पोचलो. आधीही कधी पोचलो नव्हतो आणि नंतरही नाही. समोर मारेगावहून जीपमध्ये कोंबून आलेली टीम. मैदानाभोवती अख्खं नेर, आजूबाजूचे बंजारा तांडे, भाजी विकायला आलेल्या बायासुद्धा टोपल्या घेऊन उभ्या. आमचा गोलकीपर तांड्यावरचा पोरगा, चोवीस वर्षांचा, हात लांब आणि बोलणं कमी. पूर्ण स्पर्धेत त्यानं एकच गोल खाल्ला होता.

माझ्याजवळ वाचनालयाची एक कादंबरी होती. परत करायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहाची, आणि माझ्यानंतर नंबर होता तो अशा माणसाचा की त्यानं नेलेलं पुस्तक पोळ्याला गेलं तर होळीला परत येतं. सकाळपासून वाचत होतो, शेवटची अकरा पानं राहिली होती. मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि परीक्षेला पोरं नेतात तसल्या पॅडच्या चिमट्यात अडकवून मैदानावर गेलो. लोकांना वाटलं मी थ्रो-इन आणि कॉर्नर लिहून ठेवतो.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी पाहिलं की आपण गोल खातो, म्हणून त्या दिवशी मुद्दाम पाहत नव्हतो. फुटबॉलचा नाद असलेल्या कोणालाही हे पटेल. पण ते खरं नाही. खरं एवढंच की मला राहवलं नाही. पहिला हाफ मी नीट उभा राहिलो. दुसऱ्या हाफमध्ये बॉल बराच वेळ पलीकडच्या बाजूला होता. झेंडा काखेत धरला आणि एक पान वाचलं. मग दुसरं.

दोन बहिणींची गोष्ट होती. आईच्या शिलाई मशीनवरून भांडून त्या अठरा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नसतात. शेवटी धाकटी ते मशीन हातगाडीवर घालून मोठीच्या दारात आणते. दार बंद. ती कडी वाजवत नाही. मशीन पायरीवर उतरवून नीट करते, शेजारी बसते, आणि आईचा एक जुना फाटका परकर शिवायला घेते. आतल्या बाईला मशीनचा आवाज ऐकू येतो. मी त्या पानावर होतो. मी कॉर्नरपासून चार हातांवर उभा होतो, आणि ती मोठी बहीण उठेल की नाही एवढंच मला कळायला हवं होतं.

ती उठली. दार उघडलं. आणि मैदानात आरडाओरडा झाला.

मी मान वर केली तेव्हा बॉल आमच्या जाळ्यात होता. काय झालं ते मला नंतर लोकांच्या तोंडून कळलं. मारेगावच्या पोरानं कॉर्नरजवळ बॉल गाठला. आमच्या गोलकीपरला तो रेषेबाहेर गेलेला दिसला. त्यानं हात वर केला आणि गोल सोडून बॉल आणायला निघाला. तेवढ्यात त्या पोरानं पायानं बॉल आत ओढला, आणि दुसऱ्यानं रिकाम्या गोलमध्ये ढकलला. रेफ्री मैदानाच्या मध्यावर, लोक पलीकडच्या गोलकडे जमलेले, रेषा कोणालाच दिसण्यासारखी नव्हती. रेफ्रीनं माझ्याकडे पाहिलं. माझा झेंडा काखेत.

आमची पोरं रेफ्रीच्या अंगावर धावली. तो शांतपणे म्हणाला, "कायले बोंबलता? तुमचाच मानूस उभा हाय तिथं. त्यानं तरी झेंडा उचलला का?"

आपला लाइन्समन खोटासुद्धा झेंडा उचलतो, आणि इथं त्यानं उचललाच नाही, म्हणजे बॉल शंभर टक्के आत. सगळ्या गावानं तसंच धरलं.

माझे डोळे मात्र भरून आले होते. ते पाणी दोन बहिणींसाठी होतं. मी रुमाल शोधत होतो, तेवढ्यात टीममधल्या दोघांनी मला धरून कडुनिंबाखाली बसवलं. कोणी पाणी आणलं, कोणी चहा. "काकाजी, असं करू नका बाप्पा. खेयच हाय तो." जमलेल्या बाया म्हणाल्या, "पाहा, केवढा जीव हाय याचा टीमवर." मी चहा प्यालो. त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हटलं, थोडं शांत होऊ द्या, मग सांगू. सहाच्या आत वाचनालयात जाऊन पुस्तक मात्र परत केलं.

त्यानंतर सांगणं दर दिवसानं अवघड होत गेलं. त्या गोलकीपरला पाहिलं की बाजारात कोणीतरी न बोलता एक हात वर करायचा, आणि बाकीचे हसायचे. बसमध्ये चढला की मागच्या सीटवरून हात वर. त्याच्या लग्नात फोटो काढायची वेळ आली तेव्हा सगळ्या मित्रांनी हात वर केले, तो फोटो त्याच्या घरी तसाच लावलेला आहे. तो सुरुवातीला हसत असे. पुढच्या हंगामात खेळायला आला नाही. मग मैदानाच्या बाजूनं जाणंच सोडलं. पण तुरी निघाल्या की तांड्याच्या मागच्या रिकाम्या वावरात तो पोरापोरींना जमवून गोलकीपिंग शिकवायचा, हे मला गाडीच्या खिडकीतून दिसायचं.

आणि मला शाली मिळत गेल्या.

या वर्षी टीमच्या कमिटीनं मुलींची टीम काढायचं ठरवलं. गावातल्या आणि दोन तांड्यांवरच्या मिळून चौदा मुली झाल्या. कोच पाहिजे म्हणून नोटीस लावली, तर त्या गोलकीपरनं अर्ज केला. वहीचं एक पान, सरळ अक्षर. त्यात शेवटी लिहिलं होतं: मला शिकवता येते, पाहून घ्यावे.

कमिटीत आम्ही पाच जण. अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि त्या फायनलला कॅप्टन तेच होते. त्यांनी अर्ज वाचला आणि टेबलावर टाकला.

"कोच? हा? मॅच चालू असताना हात वर करून उभा राह्यनारा मानूस पोरीयले काय शिकवन? शायेतली हजेरी?"

सगळे हसले. मीही हसलो. खरंच हसलो, आवाज काढून. आणि घरी येईपर्यंत माझं ते हसणं माझ्या कानातून जाईना. निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला होता, आठ दिवसांनी.

बायको ओसरीवर सोले काढत होती, म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांतले दाणे. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"म्हंजे त्या दिवशी तुमी टीमसाठी रडले नाई?"

"नाई."

"त्या दोन बहिनीयसाठी रडले?"

"हाव."

"अन् आपली पोरगी सासरी गेली तवा काहून नाई रडले?"

"तवा मी वऱ्हाडाच्या दोन गाड्या काढून राह्यलो होतो. एक स्टार्ट होत नव्हती."

ती म्हणाली, "लय वर्षं राग होता मले. म्हटलं या मानसाले पोरीसाठी रडू येत नाई, अन् गोल झाला का येते. पुस्तकासाठी रडले असान तं एक वेय चालते. पुस्तकात निदान मानसं तरी असतात." मग पुन्हा शेंग उचलली. "त्या पोराले सांगा. आधी त्याले. कमिटीले मागून."

"तो आता सेहेचाळीस वर्षांचा हाय."

"मंग लय उशीर झाला. उद्याच जा."

दुसऱ्या दिवशी तांड्याच्या फाट्यावर उतरून मी चालत त्याच्या शेतात गेलो. तो हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलत होता. त्याची आई, तिला तो त्यांच्या बोलीत याडी म्हणतो, बांधावर बसली होती. मला पाहून तो घाईनं आला. खांद्यावरचा पाइप तसाच.

"काकाजी? पायी पायी? काई झालं का?"

मी सांगितलं. उभ्यानंच. आधी फार विचार केला होता कुठून सुरू करायचं, पण तिथं गेल्यावर तीन वाक्यांत झालं.

"पुस्तक?" तो म्हणाला.

"हाव."

"वाचून राह्यलते?"

"हाव."

"फायनल चालू होती, काकाजी."

"हाव."

त्यानं पाइप खाली ठेवला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मी त्या ऐकून घ्यायच्या तयारीनं गेलो होतो. पण तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ते जाऊ द्या. मले फक्त एक सांगा. बॉल बाह्यर होता ना?"

एवढंच त्याला हवं होतं. एक 'हो'. मी म्हटलं असतं तर त्याचा चेहरा फुलला असता, मी चहा पिऊन हलका होऊन घरी आलो असतो, आणि जगात कोणालाही कळलं नसतं. शब्द माझ्या तोंडात आला होता. पण जे पाहिलंच नाही त्याचा साक्षीदार म्हणून मी इतकी वर्षं शाली पांघरल्या. पुन्हा तेच करायचं का?

"मले माहीत नाई," मी म्हटलं. "म्या पाह्यलंच नाई."

"तुमी चार हातावर होते!"

"होतो. पुस्तकात पाहून राह्यलो होतो."

तो दूर सरकला. "लोकं हसले त्याचं काई नाई, काकाजी. मायाच सासरा मले हात वर करून चिडवते, म्या मनावर घेतलं नाई. पन मले ती लाइन दिसते. आजबी दिसते. कधी बॉल बाह्यर दिसते, कधी आत. म्या म्हटलं तुमी आपले मानूस, तुमी तिथंच होते, तुमी झेंडा नाई उचलला म्हंजे मलेच धड दिसलं नाई. बावीस वर्षं मायाच डोयावर माया भरोसा नाई."

त्यानं पाइप उचलला आणि हरभऱ्यातून निघून गेला. काय झालं हे न कळलेल्या त्याच्या आईनं थर्मासमधला चहा मला ओतून दिला. कप मोठा होता. तो संपेपर्यंत मला तिथून निघता येईना, आणि ती मला माझ्या गुडघ्यांना कोणतं तेल लावावं ते सांगत होती.

आठ दिवसांनी बैठक झाली. हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत, समोसे आणि चहा. विषय निघताच मी उठून सांगितलं. मला वाटलं होतं खोलीत शांतता पसरेल. तसं काही झालं नाही.

अध्यक्ष प्रेमानं म्हणाले, "काकाजी, तुमचं मन मोठं हाय. पन त्याले वाचवाले सोतावर नका घेऊ."

"मी वाचवत नाई. खरं सांगून राह्यलो."

"तुमी ढसाढसा रडलते ना बाप्पा! म्या सोता तुमाले च्या पाजला."

"ते मी कादंबरीसाठी रडलो."

आता मात्र सगळे खदखदून हसले. एक सदस्य म्हणाला, "फायनलमदी कादंबरी कोन वाचते, काकाजी? खोटं बोलाचं तं जरासं पटन असं तरी बोला."

माझ्याजवळ पुरावा काय? काहीच नाही. होती ती फक्त अकरा पानं, आणि ती मला पाठ होती. तेव्हा मी खुर्चीत बसलो आणि सांगायला लागलो. धाकटी हातगाडी ढकलत गल्लीत येते. मशीन घसरायला लागतं, ती ते पदरानं बांधते. शेजारची बाई खिडकीतून पाहते आणि काही विचारत नाही. ती पायरीवर बसते. सुईत दोरा जात नाही, कारण अठरा वर्षांत नजर कमी झालेली असते. मग दोरा जातो. मशीन चालू होतं. आत मोठी बहीण भाकरी थापत असते, ती थांबते.

समोशांकडे कोणाचा हात जात नव्हता. अध्यक्षांचा फोन वाजला, त्यांनी तो न पाहता बंद केला.

"मंग?"

"मोठी उठते. दाराजवळ येते. कडीवर हात ठेवते अन् तशीच उभी राह्यते."

"किती वेय?"

"दोन पानं."

"दोन पानं!" मघाचा सदस्य कळवळून म्हणाला. "उघडलं का नाई तिनं?"

"उघडलं. कडी लावलेलीच नव्हती. आतून नुसता पाट टेकवला होता."

एकानं नाक ओढलं. मी म्हटलं, "अन् तवाच गोल झाला."

अध्यक्ष माझ्याकडे पाहत राहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. त्यांना पटलं होतं. "काकाजी," ते म्हणाले, "त्या दिवशी मले दारव्ह्याले पोरगी पाहाले जायचं होतं. फायनल म्हनून म्या गेलो नाई. तिचं दुसरीकडे जमलं. अन् तुमी तिथं उभं राहून पाट पाहून राह्यलते?"

"हे वहिनीले सांगू का?" कोणीतरी विचारलं, आणि पुन्हा हशा झाला. अध्यक्षांनाही हसावं लागलं. मग ते एकदम गंभीर झाले.

"मंग बॉल होता कुठी? बाह्यर का आत?"

"म्या पाह्यलं नाई. रेफ्री दूर होता. तुमी सगये पुढं होते. बॉलकडे पाह्यनारा तिथं एकच मानूस होता, अन् तो म्हने बाह्यर."

अध्यक्षांनी अर्ज ओढून घेतला आणि त्यावर मंजूर लिहिलं. खाली सही करताना मला म्हणाले, "यंदापासून शाल बंद. अन् ज्या नेल्या त्या वापस आना." मी घरी निरोप दिला. बायको म्हणाली, चार शालींची नातवंडांसाठी दुलई झाली, बाकीच्या घेऊन जा.

अध्यक्ष स्वतः तांड्यावर जाऊन त्याला सांगून आले. तिथं दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. चार दिवसांनी तो माझ्या घरी आला. खुर्चीवर बसला नाही.

"ते पुस्तक द्या."

"कोनतं?"

"तेच. पाहू द्या मले काय होतं त्यात एवढं."

मी वाचनालयातून तीच जुनी प्रत माझ्या नावावर काढून त्याला दिली. पाठीला चिकटपट्टी, पानं पिवळी. मला आतून फार आनंद झाला होता, वाटलं आता तो वाचेल, त्याला कळेल. आठव्या दिवशी त्यानं ती परत आणली.

"चाळीस पानं वाचली. ती मोठी बहीन लय बोलते बाप्पा. मले झोप आली."

"शेवट तरी वाच."

"तुमी वाचला ना? झालं मंग." आणि जाता जाता फाटकापाशी थांबून म्हणाला, "उद्यापासून पोरीयची प्रॅक्टिस हाय. साडेचारले. तुमी या."

मी सव्वाचारलाच गेलो. पॅड नाही, पुस्तक नाही, हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. चौदा मुली रेषेजवळ बसल्या होत्या. त्यानं मला सगळ्यांच्या समोर उभं केलं.

"हे काकाजी," तो म्हणाला. "तुमच्या बापानं तुमाले फायनलची गोष्ट सांगतली असन. ती अर्धीच हाय. पुरी मी सांगतो. यायच्या हातात झेंडा होता, यायनं उचलला नाई. पुस्तक वाचून राह्यलते." मुली खुसखुसल्या. "हसू नका. मी गोलकीपर होतो. शिट्टी वाजली नव्हती तरी म्या बॉल सोडला. लाइन्समनचं काम यायचं होतं, ते म्या केलं. गोलकीपरचं काम कोनीच केलं नाई. दोघंबी गाढव. म्हनून पहिला धडा: शिट्टी वाजेपर्यंत बॉल सोडाचा नाई. झेंडा कोनाच्याबी हातात असो."

मी मान डोलावली. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

मागच्या रांगेतली एक लांब हातांची मुलगी उभी राहिली. "सर, पन बॉल खरंच बाह्यर होता का?"

मला वाटलं तो माझ्याकडे पाहील. त्यानं पाहिलं नाही.

"होता," तो म्हणाला. "म्या पाह्यला. चला, मैदानाले पाच चकरा."